जाडंभरडं, ऑफ कोर्स

नोकरीला लागून जेमतेम दीड महिना झाला होता. पुण्याच्या बाहेर एका इमारतीचं काम चाललं होतं आणि मी तिथला सगळ्यांत धाकटा इंजिनियर. डिप्लोमा ताजा, हेल्मेट उसनं आणि इंग्रजी मराठी माध्यमात दहावीपर्यंत जेवढं येतं तेवढं. पत्र्याच्या शेडमध्ये एक कॉम्प्युटर होता. त्यावर सिमेंटची धूळ इतकी बसायची की कीबोर्डवरची निम्मी अक्षरं अंदाजानेच दाबावी लागत. एका संध्याकाळी सल्लागार साहेबांचा मेल आला : उद्याच्या स्लॅबच्या मालाची तपासणी झाली आहे ना? मी रुबाबात उत्तर ठोकलं, 'येस सर, ऑफ कोर्स.' फक्त त्यातलं 'कोर्स' मी 'सी ओ ए आर एस ई' असं लिहिलं. मेलची प्रत अकरा जणांना गेली होती.

पाच मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं. एकच ओळ. 'ऑफ फाइन ऑल्सो, आय होप.'

बांधकामाशी संबंध नसलेल्यांना यातली गंमत उलगडून सांगावी लागेल. काँक्रीटमधून सिमेंट आणि पाणी वजा केलं की उरते खडी आणि वाळू. कागदोपत्री खडी म्हणजे 'कोर्स ॲग्रिगेट' आणि वाळू म्हणजे 'फाइन ॲग्रिगेट'. दोघींमधली हद्द भारतीय मानकाने आखून दिली आहे, ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीची. वर राहील ती कोर्स, खाली पडेल ती फाइन. साहेबांचं म्हणणं एवढंच, की खडी तपासलीस हे कळलं, वाळूही तपासली असशील अशी आशा आहे.

अकराच्या अकरा जणांना विनोद कळला. ती साइट संपेपर्यंत माझं नाव 'ऑफकोर्स' पडलं. सुपरवायझर खालून ओरडायचा, 'ओ ऑफकोर्स, खडीची गाडी आली बघा.' ही गोष्ट मी बायकोलासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितली.

आता इतक्या वर्षांनी माझी बाजू मांडतो. चलनावर, रजिस्टरात, मागणीपत्रात दिवसातून चाळीस वेळा 'कोर्स ॲग्रिगेट' लिहिणाऱ्या हाताला दुसरं कुठलं कोर्स सुचणार? त्यात आमच्या धंद्याने छळच मांडला आहे. विटांच्या एका थराला 'कोर्स' म्हणतात. भिंतीत ओल चढू नये म्हणून जोत्यावर जो थर घालतात तो 'डॅम्प प्रूफ कोर्स', म्हणजे आपला डीपीसी. रस्त्याचेही थर बेस कोर्स, वेअरिंग कोर्स. हे सगळे 'ओ यू'वाले. आणि त्याच बेस कोर्सच्या पोटात पडणारी खडी मात्र 'ओ ए'वाली. कानाला दोन्ही एकच. मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी डोळ्यांनी शिकतो असं म्हणतात. मी साइटवर शिकलो, म्हणजे कानांनी.

ही जखम खरं तर भरून आली होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुलीचं स्पेलिंग घ्यायची पाळी माझ्यावर आली. ती तेव्हा तिसरीत. उच्चार सारखे आणि स्पेलिंग निराळी अशा जोड्यांचं पान होतं आणि तिसऱ्या ओळीवर माझी ती जोडी शेजारी शेजारी बसलेली. मुलीने विचारलं, 'बाबा, दोन वेगळे शब्द आहेत, तर सेम का बोलतात?' काहीतरी ठोकून देण्यापेक्षा शब्दकोश बघू म्हटलं. आणि बघतो तर काय, ते दोन वेगळे शब्द नव्हतेच.

लॅटिनमध्ये 'कुर्रेरे' म्हणजे धावणं. त्यापासून 'कुर्सुस', म्हणजे धाव, धावण्याची वाट. फ्रेंचच्या अंगणातून ते इंग्रजीत आलं आणि 'कोर्स' झालं. घोडे धावतात तो रेसकोर्स, पंगतीत एकामागून एक येणाऱ्या पदार्थांची फेरी म्हणजे कोर्स, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी बारावीनंतर केलेले टायपिंगचे आणि टॅलीचे तेही कोर्स. त्या घराण्यातली बाकीची मंडळी आपल्याकडे केव्हाच राहायला आली आहेत. तारेतून धावतो तो करंट, पाकीट घेऊन धावतो तो कुरियर, पडद्यावर पळतो तो कर्सर. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या चुकलेल्या स्पेलिंगपुढे जो कर्सर लुकलुकत होता तो त्या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ, आणि एका शब्दाने बोलला नाही.

जे ओघाने होतं, नेहमीच्या चालीने होतं, ते 'ऑफ कोर्स'. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हाच शब्द इंग्लंडात विशेषण होऊन फिरताना दिसतो. अर्थ : नेहमीचा, साधा. तो लागायचा कापडाला. सणासुदीचं नव्हे, रोज अंगावर घालायचं ते 'कोर्स' कापड. कोशकार इथे 'बहुधा' हा शब्द जपून वापरतात, पण त्यांचा कल याच बाजूला आहे. तेव्हा स्पेलिंगची वाटणी झालेली नव्हती. 'ए' घातलेलं वेगळं रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं. तोवर अर्थही घसरला होता. रोजचं कापड हाताला खरखरीत लागतं, म्हणून 'रोजचं' या शब्दाचाच अर्थ 'खरखरीत' होऊन बसला. १५००च्या आसपास तो माणसांच्या वागण्याला चिकटला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अचकट-विचकट बोलण्यालाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला. सहाशे वर्षं आधी जन्मलो असतो तर माझा मेल बिनचूक होता.

मुलीला हे कसं समजावावं या विचारात असताना तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'आपलं "चालू" नाही का तसंच.' मी थक्क झालो. चालणं ही केवढी निष्पाप क्रिया. त्यापासून 'चालू', म्हणजे जे सुरू आहे ते : चालू वर्ष, चालू घडामोडी, चालू खातं. पण बाजारात जाऊन 'हा चालू माल आहे' असं कोणी म्हणालं की आपण पिशवी मागे घेतो. रेल्वेच्या चालू डब्यात बसणाऱ्याला आरक्षणवाला कसं बघतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि 'तो माणूस जरा चालू आहे' म्हटल्यावर तर त्याच्याशी व्यवहारच नको. इंग्रजीतल्या शब्दाला धावत धावत जी वाट तुडवायला शतकं लागली ती आपला शब्द चालत चालत गेला. सुरू असलेलं ते नेहमीचं, नेहमीचं ते हलकं, हलकं ते लबाड. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हे केलं आहे. 'सुमार' घ्या. मूळ फारसीत मोजणी. आपल्याकडे 'सुमारे शंभर' म्हणताना अजून मोजणीच, पण 'सुमार कविता' म्हटलं की कवी आयुष्यभर बोलत नाही. 'साधारण' तर बिचारा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे.

इंग्रजीतला हा शब्द मराठीत एका शब्दात मावत नाही, आणि यात मला आपल्या भाषेचा भलताच अभिमान वाटतो. रवा जाड असतो, पीठ भरड असतं, मीठ खडा असतं. केस राठ, हाताचा तळवा खरबरीत, पॉलिशपेपर खरखरीत. माणूस रांगडा, आणि त्यात दोषापेक्षा कौतुक जास्त. तूप तर रवाळच हवं. गुळगुळीत तूप आलं तर आई अजून वाटी परत पाठवते. कोणत्या वस्तूचा खडबडीतपणा चालतो आणि कोणत्या वस्तूचा नाही, हे आपण विशेषणातच ठरवून टाकलं आहे. सगळ्यांना पुरून उरणारा एकच जोडशब्द आपल्याकडे आहे तो 'जाडंभरडं'. तो नीट फोडून बघा. 'जाड' कापडाला शोभणारं, 'भरड' जात्यातून आलेलं. भरडणं म्हणजे बारीक न दळता दाणा नुसता फोडणं. अंगावरचं आणि ताटातलं अशी दोन्ही गरिबी त्या एका शब्दात शिवलेली आहे. आमच्या घरात तर ती दोन्ही बाजूंनी आली. आईचं माहेर कापडाचं, वडिलांचं घर जोंधळ्याचं.

आईचे वडील सोलापूरच्या एका कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. सोलापुरात जिला जुनी मिल म्हणतात ती १८७७ची. तिच्यामागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारं एक गावच तयार झालं. आजोबांना कानाने थोडं कमी ऐकू यायचं, साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे. पण बोटं शेवटपर्यंत जागी. लग्नाचा बस्ता बांधायला नातेवाईक त्यांना हटकून नेत. दुकानदार थान उलगडायचा, कौतुक करायचा. आजोबा काही ऐकत नसत, म्हणजे त्यांना ऐकूच येत नसे. ते कडेचा एक धागा हळूच ओढून काढायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवून त्याचा पीळ उलटा सोडायचे, आणि दाराकडे, उजेडात धरायचे. मग म्हणायचे, 'विसाचं सूत आहे.' चाळिसाचं म्हणून भाव सांगितलेला दुकानदार मुकाट्याने थानाची घडी घालायला लागायचा.

हा 'नंबर' काय असतो ते मला फार उशिरा समजलं. ८४० वाराची एक लड. एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. विसाचं सूत म्हणजे पौंडाला वीस लडी, १६,८०० वार, पंधरा किलोमीटरहून लांब धागा. धागा जितका बारीक तितका लांब निघणार आणि नंबर चढणार. नंबर लहान तितकं सूत जाडं, म्हणजे 'कोर्स'. आमच्याकडेही तीच तऱ्हा आहे. साठ नंबरचा पॉलिशपेपर लाकूड ओरबाडतो, दोनशेवीसचा गोंजारतो.

त्या विसाच्या आकड्यात एक जुनं राजकारण दडलेलं आहे आणि ते वाचल्यापासून मला आजोबांचं 'विसाचं सूत' वेगळंच ऐकू येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडं सूत काढत. देशी कापसाचा धागा आखूड, त्यातून फार बारीक सूत निघायचं नाही. हे जाडं सूत बोटी भरभरून चीनला जायचं. बारीक कापड हे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचं राखीव कुरण. १८९४च्या डिसेंबरात सरकारला पैशांची चणचण म्हणून बाहेरून येणाऱ्या सुती मालावर ५ टक्के कर लावावा लागला. आता लँकेशायरचे गिरणीमालक नाराज होणार. मग त्यांची समजूत कशी काढली? तर हिंदुस्थानातल्या गिरण्यांमध्ये निघणाऱ्या, विसापेक्षा वरच्या नंबरच्या सुतावरही तेवढाच कर बसवला. जाडंभरडं खुशाल काता, कोणी विचारणार नाही. बारीक काताल तर पैसे मोजा. पुढे १८९६ मध्ये सूत मोकळं केलं, पण इथल्या गिरण्यांत विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के आकारले, जाडं असो की तलम. ज्या जाड्या धोतराशी लँकेशायरची काही स्पर्धाच नव्हती, तेही त्यात आलं. हा कर सुटायला १९२५ उजाडलं.

इंग्रजांना आपलं जाडं कापड वावडं होतं असं मात्र नाही. मुंबईच्या डोंगरी भागावरून नाव पडलेलं एक राकट सुती कापड होतं, डुंगरी. खलाशांना, मजुरांना ते टिकाऊ म्हणून आवडायचं. त्याचं इंग्रजीत 'डंगरी' झालं, आणि त्याची तुमान पुढे जगभरच्या कामगारांनी घातली. आज मॉलमध्ये लहान मुलांची जी खांद्यावर पट्ट्यांची डंगरी मिळते तिची किंमत बघून मी दोनदा चिठ्ठी उलटी करून पाहिली. आपली गोणीही अशीच तिकडे जाऊन 'गनी' झाली. खरखरीतपणाच्या बाबतीत आपण इंग्रजीला बरंच काही पुरवलं आहे.

मध्येच एक माशांची गंमत सांगतो, मूळ विषयाला सोडून आहे. विलायतेत गळ टाकून मासे धरणाऱ्यांत दोन पंथ आहेत. गोड्या पाण्यातले सामन आणि ट्राउट हे खानदानी, ते 'गेम' मासे. बाकीचे सगळे, कार्प, पर्च, पाइक वगैरे, 'कोर्स' मासे. त्या मासेमारीचं नावच 'कोर्स फिशिंग'. आपले रोहू-कटला कार्पच्याच कुळातले. ज्या रोहूच्या मुड्यासाठी, म्हणजे डोक्यासाठी, बंगाली घरात भांडणं होतात तो तिकडे 'कोर्स' निघाला. मालवणच्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'बरोबरच आहे, गोड्या पाण्यातला मासा हा मासाच नव्हे.' जातिव्यवस्था सगळीकडे असते. याच मित्राच्या गावात भरड नाका नावाचा चौक आहे. कोकणात पाणी न धरणाऱ्या, मुरमाड जमिनीला भरड म्हणतात. म्हणजे जमीनसुद्धा सुटलेली नाही.

आता जोंधळा. वडिलांचं गाव सांगोल्याकडे. मंगळवेढ्याचं ज्वारीचं कोठार जवळच. घरात वर्षभर मालदांडी ज्वारीची भाकरी, चपाती फक्त पाहुणा आला की. त्यामुळे पाहुणा यावा असं आम्हा पोरांना सारखं वाटायचं. हॉस्टेलच्या मेसमध्ये चपाती रोज मिळायला लागली तेव्हा पहिला आठवडा मला आपण श्रीमंत झालो असंच वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात पोटाने तक्रार केली तो भाग वेगळा.

सरकारी कागदांत ज्वारी, बाजरी, नाचणी यांचं नाव होतं 'कोर्स सिरियल्स', मराठीत भरडधान्यं. लहानपणी रेडिओवर 'भरडधान्याचे बाजारभाव' ऐकलेलं आठवतं. मला तेव्हाही तो शब्द खटकायचा. भरड कुठे? आमच्या आजीने जोंधळा कधी भरडा दळून आणू दिला नाही. गिरणीवाल्याने पीठ जरा जाडं काढलं की ती डबा घेऊन परत जायची. भाकरीचं पीठ मऊसूत लागतं, आणि ताजं. दोन-तीन आठवडे झाले की 'पिठाची इरी गेली' म्हणायची. ज्याला शहरात विरी म्हणतात ती. गव्हासारखा चिवटपणा ज्वारीत नसतो, भाकरी बांधून ठेवणारी काय ती ही विरीच. ती गेली की भाकरी थापताना कडांना चिरते, परातीतून उचलली की तुटते. मग उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, तळव्याने रगडत राहायचं. ज्या पिठाशी इतक्या नाजूकपणे वागावं लागतं त्याला इंग्रजीत 'कोर्स' म्हणायचं! शब्दकोश उघडल्यावर उलगडा झाला. त्या नावात पोताचा काही संबंध नव्हता. तिथे तो शब्द आपला सहाशे वर्षांपूर्वीचा अर्थ घेऊन बसला होता : रोजचं, सामान्य माणसांचं.

२०१८ साली सरकारने अधिसूचना काढून हे नाव बदललं आणि 'न्यूट्री सिरियल्स', पौष्टिक तृणधान्यं असं केलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं. भरडची एकदम श्री. सोलापूरची कडक भाकरी आता पाकिटात बांधून पुण्याच्या दुकानात शेंगाचटणीशेजारी मिळते. माझ्या बिल्डिंगमधले लोक ती क्रॅकरसारखी खातात. गेल्या काही वर्षांत ज्वारी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग असते. पाहुणा आल्यावर आता आम्ही भाकरी करतो.

आजीला यातलं 'श्री'वगैरे बघायला मिळालं नाही. तिला १९७२ मात्र पाठ होतं. त्या दुष्काळात गावात जोंधळ्याचा दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळायचा, लालसर, तिच्या भाषेत 'जनावराचं खाणं'. तोही ज्वारीचाच भाऊबंद, पण आजीने त्याला कधी नात्यात घेतलं नाही. दुष्काळी कामं निघाली होती. आजी खडी फोडायला जायची. वडील तेव्हा दहा वर्षांचे, तिच्याबरोबर असायचे. ते सांगतात : मोठा दगड पुढ्यात, पायाच्या बोटांनी लहान दगड धरून ठेवायचा आणि हातोडी मारायची. डोळ्यांवर पदर ओढलेला, कारण कपच्या उडायच्या. फुटलेल्या खडीच्या ढिगाचं माप घेऊन मजुरी ठरायची. जाडी राहिलेली खडी मुकादम बाजूला काढायचा, ती पुन्हा फोडायची. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, 'बाहत्तरचं हाय ते.' जणू एखादा दागिना.

मी साइटवरच्या इंग्रजीत रोज चाळीस वेळा लिहायचो तो 'कोर्स ॲग्रिगेट' म्हणजे ती खडी, हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. खडी क्रशरवरून यायची, डंपरने, ब्रासच्या हिशेबाने. तिला कोणाचे हात लागतात असं वाटायचं नाही.

२०१४ मध्ये गावातलं घर पाडून नवं बांधायला काढलं. मी सुट्टी काढून गेलो होतो. दारात पाऊण इंची खडीचा ढीग पडला, आणि ऐंशीला टेकलेली आजी काठी बाजूला ठेवून त्या ढिगाशी जाऊन बसली. एक-एक खडा उचलायची, उलटा-पालटा करायची. काही परत ढिगात टाकायची, काही मागे भिरकावायची. मी जवळ जाऊन बघितलं तर मागे टाकलेल्या सगळ्या चपट्या.

'ही चालत न्हाय,' ती म्हणाली. 'लगी मोडती.'

आमच्या प्रयोगशाळेत यासाठी वेगवेगळ्या रुंदीच्या फटी पाडलेली एक लोखंडी पट्टी असते. ज्या खड्याची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा कमी तो चपटा, आणि असे खडे जास्त भरले तर तो माल आम्ही परत पाठवतो. मी खिशातून मोबाइल काढून तिला त्या पट्टीचा फोटो दाखवायला गेलो. तिने मोबाइलकडे बघितलं नाही. एक बरा, चौफेर खडा माझ्या तळहातावर ठेवला.

'हिला विंग्रजीत काय म्हंत्यात रं?'

'कोर्स.'

'आन् तू शिकलास ते?'

'त्यालाही कोर्सच म्हणतात.'

तिने वाकड्या नखाच्या अंगठ्याने पुढचा खडा चाचपला.

'मग त्यो म्या बाहत्तरलाच केलाय की,' ती म्हणाली, आणि तो चपटा निघाला म्हणून मागे टाकला.